पायावरचा खड्डा

"थांब गं, पाय पुढे कर!" इथे परदेशात, आमच्या गिरावीन उपनगरात कुणाच्याही घरी हळदीकुंकू असो, ही बाई समोरचीची नडगी पकडायची आणि अंगठा रुतवायची. खड्डा पडून राहिला की सूज आहे, मग चौकशी सुरू. तुमच्याही ओळखीत असं एखादं आगाऊ माणूस असेलच. आमच्या शेजारच्याच घरात होतं.

ती संशोधक होती. वाढलेला रक्तदाब हृदय, मूत्रपिंडं पोखरायला लागला की त्याच्या खुणा रक्तात, लघवीत किती आधी सापडतात, हे शोधायचं तिचं काम. "बीपी मुकं असतं गं, पण रक्त चहाडी करतं," हे तिचं पालुपद. एकदा माझ्या नवऱ्याच्या एका हातात तिने पोहे दिले आणि दुसऱ्या हातात लघवीची बाटली. "खा, आणि उद्या ही भरून आपल्या जीपी डॉक्टरला दे." बिचारा पोहे टाकून उठला! पण त्या बाटलीमुळेच त्याच्या गोळ्या वेळेवर सुरू झाल्या.

मग कोविड आला. सांगलीला तिची आई एकटी, जुनं बीपी. इथून देशाबाहेर निघायला इथल्या सरकारची परवानगी लागायची आणि आई संसर्गाच्या धास्तीने तपासणीलाही बाहेर पडेना. मग रोज व्हिडिओ कॉल.

"आई, पाय दाखव. अंगठा दाब. जोरात!"

स्क्रीनवर नडगी यायची, अंगठा दबायचा, उठायचा. "बघ, ठणठणीत आहे मी. तू तिथेच राहा," आई म्हणायची. ही कुंपणापाशी येऊन मला सांगायची, "नाही पडला गं खड्डा!" आणि परवानगीचा अर्ज राहून जायचा.

एका सकाळी आई गेली. मूत्रपिंडं निकामी झाली होती. अंत्यदर्शन आम्ही हिच्या स्वयंपाकघरात फोनवर घेतलं. हिला नमस्कार करता यावा म्हणून तिथल्या शेजारच्या काकूंनी फोन आईच्या पायांजवळ नेला. पाय टम्म सुजलेले होते.

काकूंना हुंदका फुटला. "बाळा, आम्ही रोज माझाच पाय दाखवायचो गं. पोरगी जीव धोक्यात घालून निघेल म्हणून शपथ घातली होती त्यांनी."

असली कसली माया? मला त्या माउलीचा अजून राग येतो, आणि रडूही.

ही रडली नाही. "मी खड्डाच बघत होते गं," एवढंच म्हणाली. "पाय कुणाचा, ते बघितलंच नाही."

पुढच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी मुद्दाम तिच्याशेजारी बसले आणि पाय पुढे केला. तिने क्षणभर पाहिलं, माझ्या साडीचा काठ घोट्यापर्यंत खाली ओढला आणि म्हणाली, "झाकून घे."