हेमराजनं बंद केलेलं पाणी

बोदलकशाच्या तलावाखालच्या गावांत आता धुरे, म्हणजे शेताचे बांध, मशीन बांधते. तिचा पिवळा हात चार खेपा माती टाकतो, वरून थापटतो आणि निघून जातो. हेमराज उईके लांबून बघतो आणि तोंड वाकडं करतो. एक काळ होता, भर पावसात कुणाच्याही धानाच्या बांधीचा, म्हणजे खाचराचा, धुरा फुटला की हाक त्यालाच यायची. कमरेएवढ्या पाण्यात उतरून तो चिखलानं भगदाड बुजवायचा, आणि त्यानं बुजवलेलं पुन्हा फुटल्याचं कुणी सांगत नाही.

पण मन भरून आठवतो तो कुठला पावसाळा नाही. आठवतो तो एक हिवाळा. धान कापून झालं होतं, हेमराज काही काम न करता अंगणात खाटेवर पडून होता, आणि माय जिवंत होती.

लेकीच्या, सोनूच्या, बाळंतपणात त्याची बायको चमेली मरता मरता वाचली. अंगात रक्त नव्हतं. डॉक्टरनं सांगितलं, हिचं ऑपरेशन आता नको, पुन्हा दिवस तर मुळीच नकोत. नवऱ्यानं नसबंदी करावी, सोपी असते. गावात ऑपरेशन बायांचीच व्हायची. मिशीला पीळ देणारे एकजात सगळे ऑपरेशनच्या दिवशी बायकोला जीपमध्ये बसवून पानठेल्यावर उभे राहायचे. हेमराज म्हणाला, मी करतो.

माय, शामकला, चुलीपुढून उठून आली. "बाईमानसाचं काम तू कायले करतं रे?"

"तिच्या अंगात रगत नाही, माय."

"माया अंगात होतं का? मी पाच काढले."

"अन् त्यातले राह्यले किती?"

राहिला होता तो एकटाच. माय सुनेकडे न बघता म्हणाली, "कर. पण माया पोराले काही झालं त ह्या पोरीले तिच्या मायच्या घरी धाडीन. ध्यानात ठेव."

ऑपरेशन झालं, टाकासुद्धा नाही, आणि हेमराज आपल्या पायांनी घरी आला. निघताना नर्सबाईनं सगळं नीट समजावलं होतं: जड उचलू नका, लंगोट घट्ट बांधा, पाणी भरपूर प्या. पण परक्या बाईच्या तोंडून लंगोट ऐकला, आणि त्याची मान जी खाली गेली ती गेलीच. पुढचं काही कानात शिरलं नाही.

घरी खाटेवर पडल्या पडल्या त्यानं आपलं डोकं चालवलं. नवा धुरा बांधला की माती बसेपर्यंत त्याला पाणी लावत नाहीत. इथंही नस बांधली आहे. वरून पाण्याचा जोर आला तर गाठ सुटेल. म्हणून त्यानं वरचं पाणीच तोडलं. चमेली पेज घेऊन यायची. हा म्हणायचा, पोट भरलं. लघवी आली तरी दाबून धरायचा, जोर पडायला नको म्हणून.

तसे ते दिवस सोन्यासारखे होते. कोवळ्या उन्हात सोनू त्याच्या छातीवर झोपायची. चमेली येता-जाता लेकीच्या डोक्यावरून हात फिरवायची, आणि माय बघत नसली तर त्याच्याही. आपल्याच अंगणात ऊन कुठून कुठवर जातं, हे त्याला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

आणि मग जळजळ सुरू झाली. घडीघडी लघवीला लागायची, थेंब दोन थेंब व्हायची, हळदीच्या पाण्यासारखी, आणि मिरची लागल्यासारखी आग. गोठ्यामागं जाऊन तो गमछा दातांत धरायचा. मनात एकच, धुरा पाझरला. मायला कळलं तर चमेली गेली. म्हणून बाहेर येताना तो हसत यायचा.

शेजारच्या बकारामच्या नजरेतून मात्र काही सुटत नव्हतं. "काऊन बे, सारखा गोठ्यामागं? गाय व्याली का?"

"व्याली. वासरू तुयासारखं दिसते."

"आता तू बी बैलच झाला म्हणा."

"बैल नांगर ओढते बकाराम. तू बिडीशिवाय काय ओढतं?"

जिभेला धार होती, पण अंगात ताप चढत होता. एका दुपारी माय गोठ्यामागं गेली, तर हा भिंतीला डोकं टेकून कण्हत होता.

"काऊन रे? काय होऊन राह्यलं?"

"काही नाही."

"तुये मुतलेले कपडे मी धुतले. मायापाशी कायची लाज?"

"माय, चमेलीले काही म्हणू नको," एवढं आधी बोलून मग त्यानं सगळं सांगितलं, धुऱ्यासकट.

मायनं कपाळावर हात मारला. "म्हणजे तू पाणीच पेत नाही? अरे मूर्खा, त्या मुक्या बैलाले बी तहान समजते!"

तशीच ती त्याला ऑटोत घालून तिरोड्याच्या दवाखान्यात घेऊन गेली. चमेली सोनूला घेऊन शेजारी बसली होती.

डॉक्टरनं तपासलं, लघवीही तपासायला लावली. "जखम चांगली आहे. आम्ही बांधली ती नळी बीजाची, तिच्यातून लघवी येतच नाही. लघवीची पिशवी वेगळी. पाणी प्यायलं नाही, वरून लघवी दाबली, म्हणून जंतू झालेत. गोळ्या सगळ्या संपवा, पाणी प्या. आणि तीन महिन्यांनी तपासणी होईपर्यंत दोघं सांभाळून राहा."

"सांभाळून म्हंजे?" मायनं विचारलं. चमेली खिडकीबाहेर बघू लागली.

परतताना चौकात बकारामनं ऑटो अडवला. पानठेल्यावरचे सगळे कान टवकारून. "काय काकी, बिघडला ना पोरगा? बायकोच्या नादानं गेला, दुसरं काय."

चमेलीनं सोनूला घट्ट आवळलं.

माय खाली उतरली. "माया पोराले मुताले आग होते, कारण तो येडा पाणी पेला नाही. ऑपरेशन बराबर आहे. अन् माया सुनेचं नाव तोंडात घेतलं त तुया बिडीनं तुयी मिशी जाळीन."

हेमराजला वाटलं, ऑटोच्या सीटखाली शिरावं. त्याचं मुतणं साऱ्या गावाला माहीत झालं होतं. पण चमेली माहेरी जाणार नव्हती, हेही त्याच चौकात ठरलं.

पुढं आग थांबेपर्यंत माय लोटा घेऊन खाटेशी बसायची, आणि तो गोठ्यामागं गेला की साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायची, "झाली का रे? जळते का अजून?" घरात चमेली पदर तोंडात कोंबून हसायची. बाळंतपणानंतर ती तशी हसलीच नव्हती.

आता सोनू शाळेत जाते, घर पक्कं झालं, मायला जाऊनही बरेच पावसाळे झाले. हेमराजला एवढ्या मोठ्यानं कुणी काही विचारत नाही.