मागून आणलेला शेजार

घरात जे असेल तेच शेजाऱ्याकडे मागायला जायची आमच्या आत्तीला खोड होती. नसलेल्या वस्तूवाचून ती खुशाल भागवायची. पण असलेली वस्तू मागायची म्हटली, की पदर खोचून निघालीच.

सोलापुरात आम्ही पाय ठेवला त्याच दिवशी याची सुरुवात झाली. साथीत आमची मेंढरं गेली, म्हणून आबांनी नातेपुत्याकडचं गाव सोडून इथल्या गिरणीत मागावर काम धरलं होतं. काही महिन्यांनी त्यांनी आम्हाला आणलं. आई, मी, पाळण्यातला भाऊ, आणि घर लावून द्यायला आबांची थोरली बहीण, म्हणजे आत्ती. चाळीतल्या त्या एका खोलीत बोचकी अजून सुटायची होती. तोवर आत्ती शेजारच्या नरसव्वाकडून पिठाची चाळण घेऊन आलीसुद्धा.

"चाळण हाय की वन्सं आपल्या बोचक्यात," आई म्हणाली.

"असंल की. शेजार हाय का बोचक्यात?"

आईचा चेहरा उतरला. तिच्या माहेरी उपाशी निजतील पण कोणापुढे हात पसरणार नाहीत, अशी रीत होती, आणि त्या रीतीचा तिला मोठा अभिमान होता. नवीन गावात पहिल्याच दिवशी आपली ओळख मागत्यांचं घर म्हणून व्हावी, हे तिला फार लागलं. ती भिंतीकडे तोंड करून बाळाला घेऊन बसली.

मागून आणलेली वस्तू आत्ती कधी आपण होऊन परत करत नसे. तिचं याबाबतीतलं शास्त्र पक्कं होतं. "आपून नेऊन दिली तर बाई दारातनंच घेती. तिला न्यायला येऊ द्यावं. आली म्हंजी बसती." झालंही तसंच. दुसऱ्या दिवशी नरसव्वा चाळण न्यायला आली. तिचं घर तेलुगू बोलणाऱ्या विणकरांचं, तिला बाजारापुरतं मराठी येई, आणि आत्तीला तेलुगूचा गंध नव्हता. आत्तीने तिच्यापुढे शेंगदाणे आणि गुळाचा खडा ठेवला. हातवारे करत दोघींनी पोरंबाळं, सासू, पाणी, महागाई असं सगळं बोलून घेतलं. जाताना नरसव्वा चाळण न्यायची विसरली. आत्ती दिवसभर खुशीत होती.

आई मात्र खुश नव्हती. गिरणीच्या भोंग्याने ती दचकायची, नळावरच्या रांगेत तिला रडू यायचं, आणि एका दारातून तेलुगू, दुसऱ्यातून कानडी ऐकू आलं की आपण परमुलखात येऊन पडलो असं तिला वाटायचं. तिने आपलं बोचकं सोडलंच नाही. एक दिवस आबांना तिने सरळ सांगून टाकलं, "सुगीला मी पोरांस्नी घेऊन गावाकडं जानार. तुमी ऱ्हावा तुमच्या गिरनीत." आबा पुन्हा एकटे राहणारे नव्हते. ती गेली असती तर तेही काम टाकून मागोमाग गेले असते. आणि गावी मेंढरंही उरली नव्हती, मग खायचं काय?

आबांनी आत्तीकडे गाऱ्हाणं नेलं, तर तिने त्यांनाच झापलं. "तू आपल्या मागावरच्या धोट्याकडं बघ. घर मी बघते." तिचाही जीव गावाकडेच होता. नवरा गेल्यावर तिने एकटीने झोपडं आणि चार शेळ्या सांभाळल्या होत्या. त्या शेळ्या दुसऱ्याच्या दावणीला बांधून ती आली होती. "घर लागलं की मी निगाले," असं तिने आधीच बजावलं होतं.

आत्ती कधी चुकत नसे असं मी म्हणणार नाही. एकदा तिला खरोखरच एक वस्तू हवी होती, आणि नेमकी तिथेच ती फसली. भाजीला मीठ नव्हतं. आमच्या चाळीत ऊन उतरल्याचं कळायचं नाही. धुराने सगळी दुपारच सांजेसारखी दिसे. आत्तीने वाटी घेतली आणि नरसव्वाच्या दारात जाऊन मीठ मागितलं. आत देवापुढे नुकता दिवा लागला होता. तिन्हीसांजेला मीठ द्यायचं म्हणजे घरची लक्ष्मी उचलून द्यायची. नरसव्वाच्या सासूने काहीतरी पुटपुटत धाडकन दार लावून घेतलं.

आत्तीला हे शास्त्र ठाऊक नव्हतं असं नाही. म्हणूनच तिला जास्त लागलं. पुढचे काही दिवस शेजारचं दार बंदच असायचं. आत्ती कुठेच मागायला गेली नाही. मिश्री लावत उंबऱ्यात बसून राहायची. "रकमे, माज्या हातानं तुजा शेजार गेला बग," असं ती आईला म्हणाली. आत्तीला असं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मला भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तवा चुलीवर असतानाच आई उठली, डोक्यावरून पदर घेतला, वाटी उचलली आणि नरसव्वाचं दार वाजवलं. दार किलकिलं झालं. आई म्हणाली, "पेरुगु." तेलुगूत दह्याला पेरुगु म्हणतात. भिंतीकडे तोंड करून बसायची, पण ऐकत होती तर! तिला विरजण हवं होतं. आमच्या गाडग्यात रात्रीचं दही घट्ट लागलेलं होतं. मी ते थोडं खाल्लंही होतं, म्हणून मला पक्कं ठाऊक.

आई बराच वेळ आलीच नाही. भिंतीपलीकडून सासूचा आवाज आला, मग आईचा, मग तिघींचा मिळून. आत्तीने तव्यावरची भाकरी उलटली. गाडग्यावरचं झाकण काढून आत बघितलं आणि पुन्हा ठेवून दिलं.

त्याच दुपारी ती आपलं बोचकं बांधायला बसली.

"कुटं निगालात वन्सं?"

"गावाला. घर लागलं की आता."

गावी जायला जी उतावीळ झाली होती तीच आई आत्तीचा हात धरून रडायला लागली. आबांनी स्टेशनापर्यंत विनवण्या केल्या. आत्ती म्हणाली, "शेळ्या माज्या वळखीच्या ऱ्हायच्या न्हाईत," आणि गाडीत चढून बसली. पुढे दर भाऊबीजेला ती यायची, चार दिवस राहायची आणि जायची.

आत्ती वारल्याचा निरोप आला तेव्हा माझं लग्न झालं होतं. मी धावत माहेरी गेले. सगळी चाळ आईची झाली होती. दारात बायका मावत नव्हत्या. नरसव्वा आईच्या पाठीवर हात ठेवून बसली होती, आणि आई कोणाचंच ऐकत नव्हती. एकच बोलत होती, "त्या दिवशी मी विरजन मागाय गेलेच नसते, तर वन्सं ऱ्हाल्या असत्या."