साबणाचं बक्षीस

पाइन फोर्क गावात बँकेच्या पायऱ्यांजवळ यंदा पितळेची पाटी लागली. ‘मुलांवरच्या प्रेमापोटी हॅलोविनची मिरवणूक सुरू करणारे एझ्रा क्रॉफर्ड’. लिओटा हफमनने ती चष्मा लावून वाचली, चष्मा काढून वाचली आणि म्हणाली, "प्रेम? या माणसाने जन्मात कुणा मुलाच्या हातावर साधी गोळी ठेवली नाही."

लिओटा एक्क्याऐंशीची. मिरवणूक सुरू झाली तेव्हा ती अकराची होती. हॅलोविनला दुकानांच्या काचांना साबण फासायचा, ही तिथल्या पोरांची जुनी खोड. त्या वर्षी सणाच्या आठवडाभर आधीच लिओटा, ओपल आणि बर्निस या तिघींनी बँकेची एकही काच सोडली नाही, वर एक ढकलगाडी बँकेच्या छपरावर चढवली. कशी चढवली ते ओपल आणि बर्निसने मरेपर्यंत सांगितलं नाही. लिओटाही सांगत नाही.

बँकवाला एझ्रा लालबुंद झाला, पण चोर सापडेनात. शेवटी लिओटाच साळसूद तोंड करून त्याच्याकडे गेली. "आम्हा पोरांना एक दिवस रस्ता द्या, सोंगं घेऊन फिरतो. काचांना हात लावणार नाही."

एझ्रा कबूल झाला, कारण त्याच्या पोटात वेगळंच होतं. तो पायरीवर उभा राहणार, एकेक सोंग थांबवणार, आत कोण ते ओळखणार आणि ज्याच्यावर संशय त्याला धरणार. तीन नावं चुकली की सोंग सुटलं. सबंध दुपार तो डोळे फाडून भुतांकडे बघत राहिला आणि त्याला स्वतःची सख्खी मेहुणीसुद्धा ओळखू आली नाही. लोक हसून लोळले. चिडून त्याने खिशातला पुरावा, म्हणजे बँकेच्या दारात सापडलेला साबण, शेवटच्या चेटकिणीच्या अंगावर फेकला. चेटकीण लिओटाच होती. तिने तो झेलला. तेव्हापासून न ओळखलेल्या सोंगाला साबणाची वडी बक्षीस. जो ओळखला जाईल त्याने मुखवटा काढून माइकवर दोन शब्द बोलायचे. झालं, एवढंच ते प्रेम.

आता त्या पायरीवर एझ्राचा नातू वेंडेल उभा राहतो. लिओटा त्याच्याकडे गेली.

"वेंडेल, पाटीवर ओपल आणि बर्निसचं नाव घाल. माझं नसलं तरी चालेल." चालणार नव्हतं, पण म्हणाली.

"लिओटामावशी, मिरवणुकीच्या समितीने इतिहास मंजूर केलाय. आणि पाटीवर जागाच नाही."

"खाली तुझं नाव मावलंय की."

"ते अध्यक्ष म्हणून."

याच समितीने यंदा लहान मुलं घाबरतात म्हणून भुतांवर बंदी घातली होती. हॅलोविनला भुतं नकोत! उद्या नाताळात थंडी नको म्हणतील.

मिरवणुकीत मग नुसते ससे आणि भोपळे. सगळ्यात शेवटी उंच टोपी, पोटावर उशी, घोड्याच्या केसांची मिशी आणि डावा पाय जरा ओढत एक सोंग आलं. हुबेहूब एझ्रा. पण तो ओढता पाय लिओटाचा, हे गावातल्या कुत्र्यांनाही ठाऊक.

"अरे, आजोबा आले तुझे, खुर्ची दे!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

वेंडेल पेचात पडला. ओळखावं तर म्हातारी माइकवर बोलणार. न ओळखावं तर साबण द्यायचा. साबण बरा, असं त्याला वाटलं. बिचारा.

"मिसेस डॅली?"

"डॅली तुझ्या शेजारी डोनट खातेय!" गर्दीतून पुन्हा आवाज आला.

आणखी दोन नावं त्याने मुद्दाम चुकवली आणि वडी दिली. लिओटा चार पावलं चालत पाटीपाशी गेली. एझ्राच्या नावावर तिने साबणाने ठसठशीत लिहिलं: ओपल, बर्निस, लिओटा.

"मावशी, पावसाने धुऊन जाईल हे," वेंडेल दात आवळून म्हणाला.

"जाऊ दे की बाळा. साबण तुम्हीच देता ना?"

गुरुवारी पाऊस पडला. शुक्रवारी सकाळी वेंडेल बँक उघडायला आला, तर पाटीवर तिन्ही नावं पुन्हा हजर, आणि अक्षर लिओटाचं नव्हतं. तिने ते चष्मा लावून पाहिलं, चष्मा काढून पाहिलं.

"ओपलचं नाव जरा मोठं काढायला हवं होतं," ती म्हणाली. "ढकलगाडी तिचीच होती."