चौकाची भिंत

आज जिथं नवी मुंबईचे रस्ते आणि सोसायट्या आहेत, तिथं खाडीकाठी आमचं गाव होतं. घराच्या दारापर्यंत खारी जमीन आणि भरतीचं पाणी. डास तर पाचवीलाच पुजलेले. लहानपणी आम्हाला वाटायचं, पावसाळ्यात ज्याला त्याला हिव भरतं आणि मग ते जातं, जसा पाऊस येतो आणि जातो. लुगड्यावर लुगडी टाकून माणूस दाबून धरायचं, कोयनेलची कडू गोळी गिळायची आणि दुसऱ्या दिवशी ताप नसला की शेतात उतरायचं. तिसऱ्या दिवशी पुन्हा हिव.

मग लोकल बोर्डाच्या आरोग्य खात्यानं फवारणी सुरू केली. पावसाच्या आधी खाकी कपड्यांतली माणसं यायची. एकजण बादलीतला पंप दाबायचा, दुसरा लांब नळीनं भिंतींवर औषध मारायचा. आम्ही हंडेकळशा, पीठमीठ, कोंबड्या, सगळं अंगणात काढायचो. औषध वाळलं की भिंतीवर पांढुरकी झाक राहायची आणि घरात आठवडाभर उग्र वास. पहिल्या वर्षी ढेकूणसुद्धा मेले, म्हणून बायका फार खूश होत्या. पुढे ढेकूण मरेनासे झाले, तेव्हा त्याच बायका म्हणायला लागल्या की औषधात आता पाणीच जास्त असतं.

फवारणीचा मुकादम घाटावरचा होता. सावकाश बोलायचा. दर घरात एकच गोष्ट सांगायचा, की भिंत सारवू नका, डास भिंतीवर टेकतो आणि औषधानं मरतो, औषधावर शेण फिरवलं तर ते मातीत गेलं. बायका हो म्हणायच्या आणि सण आला की सारवायच्या. माझी आय तर सारवण्यासाठी गावात नावाजलेली. तिच्या भिंतीवर हात फिरवला तर कुठं बोट अडखळायचं नाही.

माझ्या मोठ्या बहिणीचं लग्न माघात झालं. सासर तळोज्याच्या बाजूला, खाडीपासून आत. आयनं मधल्या घराची, म्हणजे माजघराची, भिंत आठ दिवस खपून तयार केली आणि लग्नाची गाणी म्हणणाऱ्या धवलारणीनं तिच्यावर तांदळाच्या पिठानं लग्नाचा चौक चितारला. मांडव उतरला, पाहुणे गेले, बहीण गेली. चौक राहिला. आय रोज संध्याकाळी त्या भिंतीपुढं दिवा लावायची. पाखरं, पालखी, बाशिंग, सगळं ती आम्हाला पुन्हा पुन्हा दाखवायची, जणू आम्ही ते पाहिलंच नव्हतं.

वैशाखात फवारणीवाले आले. आय मधल्या घराच्या उंबऱ्यात उभी राहिली.

"दादा, माजे लेकीचा चौक हाय. बाकी सगला मारा, ही भीत ठेवा."

मुकादमानं आत डोकावून चौक बघितला. बराच वेळ बघितला. मग म्हणाला, "मावशी, झोपता कुठं तुम्ही?"

"आथंच."

त्यानं समजावून बघितलं. औषधानं चौक पुसला जात नाही, थोडा फिका होईल, असंही म्हणाला. आय ऐकेना. ओघळ येतील, पाखरांचे डोळे वाहून जातील, हे तिच्या मनानं घेतलं होतं. बाबा म्हणाले, मारू दे की. पण लेक सासरी जाऊन तीन महिने झालेल्या बाईपुढं त्यांनी जोर केला नाही. मुकादमानं माळा, ओटी, गोठा, सगळं फवारलं आणि मधल्या घरातली ती भिंत तेवढी सोडून तो पुढच्या घरी गेला. दारावर गेरूनं तारीख लिहिताना त्यानं आयला पुन्हा सांगितलं, मन बदललं तर पाऊस पडायच्या आत निरोप धाडा. निरोप गेला नाही.

आषाढात बहीण माहेरी आली. दिवस गेलेले होते. तोंडावर तेज होतं, पोट अजून दिसत नव्हतं. मी आणि ती बांधावर चिंबोऱ्या पकडायला गेलो, चिखलात पडलो, पोटभर हसलो. आय ओरडली, तरी रात्री तिलाच जास्त वाढलं. आम्ही दोघी मधल्या घरात, चौकाच्या भिंतीकडं डोकं करून झोपायचो.

लावणी आटपत आली तेव्हा तिला पहिलं हिव भरलं. आम्ही नेहमीसारखं केलं, पांघरूण, काढा. हिवाच्या दोन-तीन पाळ्या झाल्या आणि ताप उतरेना. बाबांनी होडी केली, पनवेलच्या दवाखान्यात नेलं. तिथं औषध मिळालं, तिचा जीव वाचला. पोटातलं राहिलं नाही.

पुढंही राहिलं नाही. तिच्या सासरची माणसं भली होती. कुणी बोल लावला नाही, नवऱ्यानं दुसरं लग्न केलं नाही. दिरांची पोरं तिच्याच अंगाखांद्यावर वाढली.

आय मात्र त्या पावसाळ्यापासून गप्प झाली. दिवाळीला ती मधल्या घरात नुसती बसून राहिली होती. बहीण तेव्हा माहेरी होती, अशक्त, भिंतीला टेकून बसलेली. मी चुलीजवळ होते. आयनं मान वर न करता विचारलं, "बाय, माज्या त्या भितीनं झाला ना?"

बहीण लगेच म्हणाली, "नाय गो आय. मना सासरींच थंडी वाजत व्हती. इकरं यावचे आगुदर."

हे खरं नव्हतं. ती आली तेव्हा ठणठणीत होती, माझ्याबरोबर चिखलात लोळली होती. पण मी तोंड उघडलं नाही, कारण आयनं कितीतरी दिवसांनी मोठा श्वास सोडलेला मी पाहिला. भिंतीनं झालं की नाही, हे तरी कुणाला सांगता येणार होतं? डास काय फक्त मधल्याच घरात होते? गोठ्यात होते, बांधावर होते.

पुढच्या वैशाखात फवारणीवाले यायच्या आधी आयनं सगळी भिंत ओल्या फडक्यानं पुसून काढली. पुढं घरोघर तापाची चौकशी करणारा माणूस यायला लागला, बोट टोचून काचेवर रक्त घ्यायचा. ताप नसला तरी आय आम्हा सगळ्यांना त्याच्यापुढं बसवायची. एकोणीसशे साठ साल उलटल्यावर गावातलं हिव जवळजवळ गेलंच.

पण बहिणीच्या त्या एका वाक्यानं दुसरं काही उगवलं. आयला वाटलं, लेकीच्या अंगात ताप असताना सासूनं तिला माहेरी ढकललं. तिनं त्या घरचं पाणी सोडलं. लग्नकार्याला गेली तर मांडवातून परत यायची. सासू हात धरून जेवायला बोलवायची, आय नुसती पदर सावरत उभी राहायची. बहीण दोघींच्या मध्ये. खरं सांगावं तर आय मोडली असती, न सांगावं तर सासूवर आळ. ती आयुष्यभर सासूची सेवा जरा जास्तच करत राहिली. मला ते दिसायचं आणि जिवाला लागायचं.

आय गेली तेव्हा सासू म्हातारी होती, तरी एसटीनं आली. आयच्या पायांवर डोकं ठेवून रडली. मग माझ्याजवळ बसून हळू आवाजात म्हणाली, "तुजे आयचा आमी काय वाकरा केला व्हता, मना कवा कललाच नाय."

बहीण समोर बसली होती. तिनं ऐकलं. मी तिच्याकडं पाहिलं तर तिनं मान खाली घातली, आणि मी सासूला पाणी आणायला आत गेले.