डावा तळहात

हे मी बोलतो आहे आणि सून लिहून घेते आहे. तिने काय लिहिलं ते मला वाचता येत नाही, आणि वाचून दाखवलं तर ऐकूही येत नाही. तेव्हा तिच्यावर भरवसा ठेवण्यावाचून गत्यंतर नाही. भरवसा ठेवणं माझ्या स्वभावात कधीच नव्हतं. सेलूच्या बाजारात तीस वर्षं मी कापसाची प्रत ठरवायचं काम केलं. गाडीवाल्याने कितीही शपथा घेतल्या तरी मी गाडीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून खालचा कापूस वर काढून बघायचो. देवाशीही माझं वागणं थोडंफार तसंच होतं.

कान लहानपणापासून अधू. मशीन लावून निभायचं. विशीत रातआंधळेपणा आला, मग नजर आक्रसत गेली. पन्नाशीनंतर उरलासुरला उजेडही गेला, आणि दोन वर्षांपूर्वी मशीनचा उपयोगही संपला. त्या दिवशी डॉक्टरांनी बरंच काही समजावलं असणार. मला कळलं ते एवढंच, की बायकोने माझा हात धरला आणि घरी येईपर्यंत सोडला नाही.

मग आमची एक भाषा तयार झाली, फार गरीब भाषा. खांदा एकदा दाबला की ऊठ, दोनदा दाबला की बस. बोटं ताटाला लावली की जेव. गुडघा दाबला की आवाज कमी कर, कारण मी किती मोठ्याने बोलतो ते मलाच कळत नाही. यापलीकडे कोण आलं, कोण गेलं, घरात काय चाललंय, काही नाही. मी चिडायचो, ताट सरकवायचो. एकदा मुलाने माझ्या डाव्या तळहातावर बोटाने काहीतरी गिरवायला घेतलं, तर मी हात झटकून ओरडलो, लिंगाच्या जागेवर रेघोट्या ओढतोस? आम्हा लिंगायतांत डावा तळहात गळ्यातल्या इष्टलिंगाचा. पूजेला लिंग त्या हातावर घ्यायचं आणि नजर त्याच्यावर स्थिर करायची. ती जागा मी कुणाला शिवू देत नव्हतो. मुलाने पुन्हा प्रयत्न केला नाही.

आणि गंमत अशी, की ज्या पूजेसाठी ती जागा राखली होती ती पूजाच मी सोडून दिली होती. नजर नाही, मंत्र कानावर पडत नाही, मग कुणाकडे बघायचं आणि काय ऐकायचं? लिंग गळ्यात होतं, कारण जन्मापासून मातीत जाईपर्यंत ते अंगावरून उतरत नाही. पण कित्येक महिने मी ते वस्त्रातून बाहेर काढलं नव्हतं. माझा राग होता त्याच्यावर, खोटं कशाला बोलू.

गेल्या श्रावणात मेहुण्याच्या घरभरणीला वालूरला जायला आम्ही दोघं बसस्टँडवर आलो. बायकोने मला बाकड्यावर बसवलं, खांदा दोनदा दाबला आणि ती गाडीची चौकशी करायला गेली. ती आता येईल, मग येईल, असं बराच वेळ चाललं. मला धीर निघेना. सांगितलेलं ऐकणाऱ्यांतला मी कधीच नव्हतो, म्हणून उठलो. दोन पावलांवर कुणाचं तरी ओझं छातीवर आदळलं, मी पडलो, आणि गळ्याला हिसका बसून दोरा तुटला. छाती चाचपली. लिंग नव्हतं.

मी गुडघ्यांवर रांगायला लागलो. ओली फरशी, शेंगांची टरफलं, माणसांचे पाय. ओरडत होतो की नाही, माहीत नाही. ज्याच्यावर इतके महिने रुसलो होतो ते गेल्यावर कळलं, की माझ्याकडे दुसरं काही उरलेलंच नव्हतं. मी म्हणालो, देवा, मला तू दिसू नकोस, बोलूही नकोस, पण जाऊ नकोस.

तेवढ्यात कुणीतरी माझं मनगट धरलं. बाईचा हात, खरखरीत, आणि त्याला मासळीचा वास. आमच्या सात पिढ्यांत कुणी मासळी चाखलेली नाही. मी हात ओढून घेतला. ती हलली नाही. तिने पुन्हा मनगट धरलं आणि माझाच उजवा हात फरशीवरून सरकवत बाकड्याखाली नेला. बोटांना वस्त्राची पुरचुंडी लागली. तिने स्वतः उचलून दिली असती तर सोपं होतं. पण ती काय वस्तू आहे हे तिने ओळखलं होतं, आणि आपला हात तिने पुरचुंडीला लागू दिला नाही.

मी पुरचुंडी उजव्या मुठीत घट्ट धरली आणि रडायला लागलो. डावा हात मांडीवर उघडा पडला होता. त्या हातावर तिने बोट टेकवलं आणि गिरवू लागली. मला कळेना. तिने पाटी पुसावी तसा माझा तळहात आपल्या तळव्याने पुसला आणि पुन्हा गिरवलं, मोठं, सावकाश. ब. सा. बसा. दीड वर्षात माणसाकडून आलेला तो पहिला शब्द होता. हात झटकायचं मला सुचलंही नाही. पुढे तिने लिहिलं, "बाई येते." आणि बायको आली.

बायकोला ती जे म्हणाली ते बायकोने मला त्याच रात्री वालूरला हातावर लिहून सांगितलं. ती येलदरीची, धरणावरची मासळी विकायला आलेली. "माझ्या बापाला असंच व्हतं. हातावर लिवलं की लय हसायचा." नाव विचारायचं राहून गेलं. बायकोची शाळा सातवीपर्यंतची, अक्षर वाकडं, पण त्या रात्री ती थांबेना. तिचं पहिलं वाक्य होतं, "तुमी उठलावच कशाला?" मला हसू आलं आणि तिचं बोट थरथरलं, म्हणजे तीही हसत होती.

मग तिने माझा तळहात दोनदा पुसला. शेवटी लिहिलं, "शेजारचे अण्णा गेले. पाडव्याला."

रोज सकाळी मी ओट्यावरून अण्णांना मोठ्याने शरणार्थ, म्हणजे आमच्यातला नमस्कार, घालत होतो. त्यांच्या रिकाम्या ओट्याला, पाच महिने. मला कुणी थांबवलं नव्हतं, कारण कसं सांगायचं ते कुणाला माहीत नव्हतं. मी खूप रडलो. पण खरं सांगतो, त्या रडण्यात मोठी सुटका होती. दुःख का होईना, माझ्यापर्यंत पोचलं होतं.

आता रोज सकाळी आंघोळ करून, विभूती लावून मी लिंग डाव्या हातावर घेतो. बघत नाही, नुसता हात उघडा ठेवतो. दगड थंड असतो, हळूहळू हातासारखाच गरम होतो. लिंग मुठीत आवळून पूजा होत नाही, हे लहानपणी शिकवलेलं मला साठीत समजलं. पूजा झाली की लिंग वस्त्रात जातं आणि बायको समोर येऊन बसते. मी तोच हात तिच्यापुढे करतो. ती आधी तो पुसते, आणि मग लिहायला लागते.