करवंदीच्या मुळीचा काढा

ही गोष्ट माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — की आणखी कशामुळे, माझं मलाच कळत नाही.

आम्ही ठाकर. आईबाप भीमाशंकरकडच्या एका वाडीतून चाकणला कामाला आले, निघोज्यात खोली घेतली, मी तिथंच वाढले. आमच्यातली बारावी झालेली पोरगी मी एकटीच. म्हणून एका संस्थेनं मला आरोग्याच्या कामात युवा नेता केलं. आपल्या माणसांकडचं जुनं ज्ञान लिहून घ्यायचं आणि दवाखान्यातल्या डॉक्टरांपर्यंत पोचवायचं. काम चांगलं होतं. खरंच चांगलं होतं.

आणि ज्ञान कुठं होतं? दोन खोल्या पलीकडे. हिरामावशी, आईची थोरली बहीण, सुईण. वाडीतली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मली. तिच्यापाशी बसायचं, विचारायचं — एवढंच. मी गेले नाही. तिच्या लुगड्याला चुलीचा वास यायचा, दात मिश्रीनं काळे, चारचौघांत मला "ए पोरी" म्हणून हाक मारायची. मला तिची लाज वाटायची.

मग संस्थेला पैसा देणाऱ्या कंपनीचे पाहुणे आले आणि संस्थेच्या बाईंनी मला बोलायला उभं केलं. वही कोरी. मी काय सांगितलं? बाळंतिणीला पाचव्या दिवशी करवंदीच्या मुळीचा काढा. असलं काही आमच्यात नाही. उभ्या उभ्या रचलं. टाळ्या पडल्या. पुस्तिकेत छापून आलं, माझ्या फोटोसकट.

ते वाचून आमच्याच गटातल्या संगीतानं वहिनीला काढा पाजला. वहिनी दोन दिवस ओकत होती. दवाखान्यात ठेवावं लागलं, बाळाला अंगावर घेता येईना. दोघं वाचली — त्यात माझं काही नाही.

संस्थेत बैठक बसली. हे तुला सांगितलं कुणी? आणि मी — इथं आलं की स्वतःची शिसारी येते — मी म्हणाले, "मावशीनं."

मावशीला बोलावलं. बाईंनी विचारलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, फार वेळ नाही.

"व्हय," ती म्हणाली, "म्याच सांगितलं आसंल. म्हातारी झाले, ध्यान ऱ्हात न्हाई."

मी मान खाली घालून ते वहीत लिहिलं. तिच्या तोंडचं मी उतरवून घेतलेलं ते पहिलं वाक्य, आणि तेही खोटं.

पुढं तिला कुणी बाळंतिणीकडे बोलावेना. बायका तिला पाहून दार लोटून घ्यायच्या. ती वाडीला परतली, दोन वर्षांनी तिथंच वारली. घाबरून बोलले म्हणू? भीती त्या एका मिनिटाची होती. नंतरची दोन वर्षं मी काय करत होते? वाडीला एसटी जाते.

बाळंतिणीला ती खरंच काय द्यायची, ते आता कुणालाच माहीत नाही.

मी अजून त्याच कामात आहे. नव्या पोरींना शिकवते. त्या मला ताई म्हणतात, आणि मी ओ देते.