टेलरकाका आणि रेडिमेड झाकण

मुलांनो, गेल्या आठवड्यात सरस्वतीपुरममधल्या टेलरकाकांच्या दुकानाची पाटी उतरली. तुम्ही सुट्टीला याल तेव्हा तिथे मोबाइलची कव्हरं टांगलेली असतील, म्हणून आत्ताच लिहून ठेवते. तयार कपड्यांचा एवढा कट्टर वैरी म्हैसूरने दुसरा पाहिला नसेल. लग्नात कुणाचा शर्ट विकतचा दिसला, की ते त्याच्या खांद्याची शिवण चिमटीत धरून हळहळत. एकदा तर आहेर देता देता त्यांनी नवरदेवाचंच सांत्वन केलं. पूर्वज रंगारी, हे शिंपी. बोलणं मराठी, राग कानडी. शाळेचे गणवेश ते नेहमी दोन बोटं सैल शिवत. तुमच्या बाबाला पाचवीची चड्डी सातवीत नीट बसली.

मग त्यांच्या हृदयाचे ठोके वेडेवाकडे पडू लागले. अशा हृदयाच्या डाव्या बाजूच्या छोट्या पिशवीत रक्त साकळतं, आणि तिथली गुठळी मेंदूत गेली तर अर्धांगवायू होतो, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. काकांच्या थोरल्या भावाचा उजवा हात तसाच गेला होता, कात्री धरायचा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनी काकांच्या पोटात दोनदा रक्तस्राव झाला, तेव्हा मांडीच्या शिरेतून जाळीचं झाकण नेऊन ती पिशवीच बंद करायची ठरली. काकांना ते पटलं. वापरात नसलेला खिसा ठेवायचाच कशाला, म्हणाले. पण झाकण कारखान्यातून ठरावीक मापांत येतं हे कळताच उठून घरी आले.

त्यांच्या बायकोने तीन दिवस अबोला धरला. चौथ्या दिवशी त्यांना पुन्हा दवाखान्यात नेलं, आणि इंग्रजी येतं म्हणून मलाही सोबत घेतलं. "जन्मभर लोकांना रेडिमेड घालू नका म्हटलं," काका डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "आता मीच सुम्ने, गपचूप, आत घालून घेऊ?"

बाईंनी वाद घातला नाही. तपासणीची चित्रं पडद्यावर लावून पिशवीचं तोंड चार बाजूंनी कसं मोजलं ते दाखवलं. काका चष्मा लावून पुढे सरकले. झाकण मापापेक्षा थोडं मोठंच घेतात, नाहीतर जागेवरून सरकतं, आणि पुढे त्यावर हृदयाचंच अस्तर चढतं, असं बाई म्हणाल्या.

काका माझ्याकडे वळले. "अक्का, ह्यांना शिवणकाम येतंय."

झाकण बसलं, त्याला सहा वर्षं झाली. गुठळीने त्यांना गाठलं नाही, वयाने गाठलं. नजर मंदावली, दुकान गेलं, आणि परवा त्यांच्या घरी माझ्या ब्लाउजच्या कापडाला चिठ्ठी लावताना त्यांनी मला माझं नाव विचारलं, इतक्या वर्षांनी. मी सांगितलं. मग त्यांनी कापड पसरलं. उजवा हात अजून खडूच्या रेघेशिवाय सरळ कापतो.